दहाचं वर्तुळ

चिंचखोरीच्या भुजंग गुरुजींचं नाव होतं ते परिघासाठी. आता परिघासाठी माणसाचं नाव व्हावं हे ऐकायला जरा गमतीचंच आहे, पण निलंग्याच्या त्या पट्ट्यात खरोखर तसं होतं. सातवीच्या परीक्षेत वर्तुळाचं गणित आलं की बाकीच्या गावांची लेकरं पेनाचं टोपण चावत छताकडं बघायची. चिंचखोरीची लेकरं मात्र बावीस सप्तमांश मांडायची, सातानं साताला काट मारायची, उत्तराखाली दोन रेघा ओढायची की मोकळी. एकाचंही चुकत नसे. तालुक्याच्या बैठकीत दुसरे मास्तर विचारायचे, "गुरुजी, काय खाऊ घालता हो पोरांना?" गुरुजी नुसते मिशीत हसायचे आणि धोतराचा सोगा सारखा करायचे.

खाऊ वगैरे काही घालत नव्हते. गुरुजी पोरांना फक्त सातच्या पाढ्यातली वर्तुळं द्यायचे. व्यास सात, चौदा, एकवीस, अठ्ठावीस. झालं. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका तपासणी अधिकाऱ्यानं नऊ व्यासाचं गणित घातलं होतं, आणि वर्गातली निम्मी लेकरं दशांश चिन्हात अडकून रडकुंडीला आली होती. त्या माणसानं गुरुजींची भर वर्गात चंपी केली. तेव्हापासून गुरुजींनी कानाला खडा लावला. काट लागत नाही ते गणित फळ्यावर घ्यायचंच नाही. परीक्षेतही बहुतेक साताचंच यायचं, त्यामुळं कधी अडलं नाही. अशी वीस-बावीस वर्षं सुखानं गेली, आणि मग ते आपण मुद्दाम करतो हेसुद्धा गुरुजी विसरून गेले.

त्या वर्षी सातवीत रुद्राणी होती. वेशीजवळ चंद्रप्पाचं किराणा दुकान, त्याची थोरली. अंगानं बारीक, दोन वेण्या, आणि तोंडात सदा एक प्रश्न तयार. तसल्या लेकराचं मास्तरला कौतुक आणि ताप दोन्ही असतं. उन्हाळ्याच्या तोंडाची गोष्ट. पावसानं लागोपाठ दुसऱ्या साली दगा दिलेला, गावातल्या विहिरींनी तळ दाखवलेला, आणि पाण्याचा टँकर येईल तेव्हा येईल. अर्धा वर्ग घागरी धरून रांगेत उभा असायचा. गुरुजींच्या घरीही रांजण कोरडा होता. त्यांचा एक कान टँकरच्या हॉर्नकडं, आणि फळ्यावर चौदाचं वर्तुळ.

रुद्राणी उठली. "गुरुजी, व्यास दहा असला तर?"

नेमका त्याच वेळी बाहेर हॉर्न वाजला.

"दहाचं वर्तुळ नसतंय," गुरुजी म्हणाले. "बस खाली."

पोरगी खाली बसली. गुरुजींनी सांगितलं म्हणजे विषय मिटला. गुरुजी घागर घ्यायला घराकडं पळाले, आणि आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानातही राहिलं नाही.

शाळा होती सातवीपर्यंत. पुढं शिकायचं तर निलंग्याला, एसटीनं. पोरं जायची. पोरींना कोण धाडतंय? सातवी झाली की पोरगी घरात, आणि वर्ष-दोन वर्षांत तिच्या हळदीची तयारी. पण लातूर नवा जिल्हा झाला तसं वारं फिरलं. आधी सगळी कामं उस्मानाबादेला, तिथं कोण पुसतंय? आता साहेब जवळ आला, आणि सरपंच अमृतरावांनी लातूरला चकरा मारून मारून चपला झिजवल्या. चिंचखोरीला आठवीचा वर्ग द्या म्हणून त्यांनी अर्ज केला. खोली गावानं श्रमदानानं उभी केली, पत्रेही टाकले. शेवटी निरोप आला की साहेब येतील, सातवीचा वर्ग बघतील, लेकरं हुशार दिसली तर आठवी मंजूर.

चंद्रप्पा दुकानातून उठून मुद्दाम गुरुजींच्या घरी आला. कपाळाला भस्माचे पट्टे, आवाज खालचा. "गुरुजी, उदगीरहून एक सोयरीक आली हाय. माणसं बरी हाईत. पण पोरगी जीव टाकून राहिली शाळेसाठी. मी तिला जबान दिलीय, आठवी गावात आली तर शिकवतो. न्हाई आली तर मग माझा विलाज न्हाई."

"येणार, अप्पा," गुरुजी म्हणाले. "तुमच्याच रुद्राणीला फळ्यावर उभी करतो, मग बगा."

साहेबांची जीप आली त्या दिवशी गावानं शाळेपुढं सडा टाकला. प्यायला पाणी नाही आणि सडा टाकताय, असं म्हणायची कुणाची टाप नव्हती. दारात, खिडक्यांत माणसं गोळा झाली. चंद्रप्पा चहाचा ट्रे धरून उंबऱ्यात उभा होता. साहेब तरुण, सौम्य बोलणारा माणूस, बघून भीती वाटावी असा मुळीच नव्हता. त्यांनी कविता म्हणून घेतली, नकाशा विचारला. मग गुरुजीच पुढं झाले. "सायेब, परीघ विचारा. आमची शाळा परिघात पक्की हाय."

"असं? मग परीघच विचारू."

रुद्राणी फळ्यापाशी गेली. लाकडी कंपासात खडू अडकवून तिनं असं गरगरीत वर्तुळ काढलं की अमृतरावांनी खिडकीतून मान डोलावली. साहेब कौतुकानं म्हणाले, "छान. व्यास दहा धर, म्हणजे सोपं जाईल. सांग परीघ किती?"

साहेबांच्या लेखी दहा सोपे. शहरात तीन पॉइंट चौदा शिकलेला माणूस, त्याला दहाइतकं सोपं काही नाही.  गुरुजींच्या डोळ्यांसमोर मात्र तो हॉर्न, ती घागर आणि आपले शब्द, सगळं एकदम उभं राहिलं. देवा, हिनं नुसतं गप्प राहावं, असं ते मनातल्या मनात म्हणू लागले.

रुद्राणी गप्प राहिली नाही. पोरगी खणखणीत म्हणाली, "सायेब, दहाचं वर्तुळ नसतंय."

"काय नसतं?"

"दहाचं. साताचं असतंय, चौदाचं, एकवीसचं, अठ्ठावीसचं. दहाचं नसतंय."

साहेबांना आधी ऐकलेलं खरं वाटेना. मग ते हसले, पण मायेनं. म्हणाले, "बरं, तुझ्या हातातली बांगडी मोज बघू." तिनं हिरवी बांगडी काढून टेबलावर ठेवली आणि पट्टी लावली. बांगडी काही सात भरली नाही. साहेब म्हणाले, "मग ही गोल आहे की नाही?"

रुद्राणीनं बांगडीकडं बघितलं, मग गुरुजींकडं बघितलं. "मग ही गोल नसंल," ती म्हणाली.

काय हशा पिकला! खिडक्यांतली माणसं हसली, सरपंच हसले, साहेबांबरोबर आलेला कारकून तर डोळे पुसायला लागला. वर्गातलं एकही लेकरू हसलं नाही. लेकरांच्या मते रुद्राणी बरोबरच बोलत होती. साहेब त्यांच्याकडं वळले तशी गुरुजींनी वर्गावर अशी नजर टाकली की सगळी लेकरं पायाचे अंगठे बघायला लागली.

"गुरुजी, हे हिला कुणी शिकवलं?" साहेबांनी विचारलं. विचारण्यात राग नव्हता. तिथंच, त्या क्षणी, "मीच बोललो होतो सायेब, चुकलं" एवढं म्हणायचं होतं. जीभ काही झडली नसती. पण डोक्यावर आठवीची तलवार, खिडकीत अख्खं गाव, आणि बावीस वर्षांचं नाव. गुरुजींच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं.

"मी सगळं शिकवलंय, सायेब. पोरगीच जरा मंद हाय."

उंबऱ्यातल्या ट्रेमधल्या कपबश्या वाजल्या. रुद्राणी फळ्यापाशी होती, हातात खडू. तिचा चेहरा आधी गोंधळला, मग पडला, आणि मग तिनं जे केलं ते गुरुजींना जन्मभर पुरलं. ती मान खाली घालून साहेबांना म्हणाली, "हाव सायेब. गुरुजींनी सांगितलं व्हतं. मीच इसरले."

मग एका पोरानं चौदाचा परीघ काढून दाखवला, चव्वेचाळीस, खाली दोन रेघा. साहेब खूश झाले. एका लेकरावरून वर्गाची पारख करायची नसते असंही म्हणाले, आणि चहा पिऊन जीप गेली. पंधरवड्यात मंजुरी आली. गावानं हलगी वाजवली, आणि आठवीचं गणितसुद्धा भुजंग गुरुजींकडंच राहील असं ठरलं. अमृतरावांनी गुरुजींच्या पाठीवर थाप मारली. गुरुजी हसले, पण त्या हसण्यात जीव नव्हता.

रुद्राणी त्या दिवसापासून शाळेत आली नाही. परीक्षेपुरती आली, पेपर लिहिला आणि कुणाशी न बोलता गेली. आठवीत नावं घालायला सुरुवात झाली तेव्हा चंद्रप्पा आलाच नाही. गुरुजींच्या बायकोनं, केवळाबाईंनी, दुकानातून बातमी आणली. ताटात भाकर वाढता वाढता त्या म्हणाल्या, "उदगीरची माणसं येऊन राहिलीत परवा. पोरीची माय, नीलाबाई, डोळे पुसत सांगत होती. चंद्रप्पा म्हणतो, मास्तरनंच भरल्या वर्गात मंद म्हणलं, आता कशाला शिकवायची?" मग त्यांनी नवऱ्याकडं रोखून बघितलं. "तुमी खरंच असं म्हणलं?"

गुरुजींनी होकाराची मान हलवली.

"आन् पोरगी मंद हाय?"

"न्हाई."

 केवळाबाईंनी भाकरीचं टोपलं झाकलं आणि त्या उठून गेल्या. गुरुजींना घास गिळेना. बायको भांडली असती तर बरं झालं असतं, चार उलट शब्द तरी बोलता आले असते. तसेच उठले, पायात चपला अडकवल्या आणि भर उन्हात वेशीकडं निघाले. रस्त्यानं दोन माणसांनी रामराम घातला, "गुरुजी, आठवी आणली बरं का तुम्ही," म्हणाली. गुरुजींना वाटलं, जमीन फाटावी.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चंद्रप्पानं उठून बसायला पोतं झटकलं, पाण्याचा तांब्या पुढं केला. त्या दिवसांत पाहुण्याला भरला तांब्या देणं म्हणजे लई मोठा मान. गुरुजींनी तांब्याला हात लावला नाही.

"अप्पा, तुमची पोरगी मंद न्हाई. दहाचं नसतंय असं मीच तिला बोललो व्हतो. तिनं विचारलं, मला टँकर गाठायचा व्हता, मी बोलून गेलो. चूक माझी हाय, बिलकुल माझी."

 चंद्रप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि गुरुजींना वाटलं, सुटलो. पण चंद्रप्पा हात जोडून म्हणाला, "गुरुजी, तुमी देवमाणूस. पोरीचं शिक्षण सुटू नये म्हणून तिचा दोष नाहक आपल्या अंगावर घेऊन राहिलाव. एवढा मोठा मास्तर, दहाचं वर्तुळ नसतंय असं म्हणंल का? तिनंच सांगितलंय की, मीच इसरले म्हणून."

"ती खोटं बोलली, अप्पा! माझ्यासाठी बोलली!"

"माझी पोरगी खोटं बोलत न्हाई," चंद्रप्पा म्हणाला. आता आवाजात धार होती. "आन् खोटंच असंल, तर मग एक सांगा. भरल्या वर्गात सायबापुढं बोललं ते खरं धरू, का रिकाम्या दुकानात बोलताव ते? जिथं इज्जत गेली तिथं बोला, गुरुजी. मग मी ऐकतो."

आतल्या दाराच्या पडद्यामागं कुणीतरी उभं होतं. पडदा हलला, पण बाहेर कुणी आलं नाही. गुरुजी उठले.

उद्घाटन दुसऱ्याच दिवशी होतं. नव्या खोलीला आंब्याची तोरणं, दारात रिबीन, खुर्चीवर तेच साहेब. पत्र्याखाली ऊन नुसतं भाजत होतं. अमृतरावांनी भाषण केलं, भाषणात गुरुजींना परिघाचा बादशहा म्हणून टाकलं, टाळ्या झाल्या आणि गुरुजींच्या गळ्यात झेंडूचा हार पडला. "दोन शब्द बोला," म्हणून माइक हातात आला. गुरुजींनी गर्दीत नजर टाकली. मागं लिंबाखाली चंद्रप्पा उभा होता, हाताची घडी घालून. पोरगी बरोबर नव्हती.

"सायेब," गुरुजी म्हणाले. "सायेब, त्या दिवशी तुमी मला एक विचारलं व्हतं, त्याचं मी खोटं उत्तर दिलं. दहाचं वर्तुळ नसतं असं त्या लेकराला मीच सांगितलं व्हतं. मी बावीस वर्षं पोरांना सातच्या पाढ्याबाहेरचं वर्तुळच दिलं न्हाई. काट लागत न्हाई ते मी शिकवत न्हाई. म्हणून आमची लेकरं चुकत न्हाईत. रुद्राणी चंद्रप्पा ही माझ्या वर्गातली सगळ्यात हुशार पोर. तिला मी मंद म्हणलं. माझी लाज वाचवायला म्हणलं."

अमृतराव खालून त्यांचं धोतर ओढत होते, बसा म्हणून. आधी कुणालाच काही कळेना. मग मागून एक म्हातारी म्हणाली, "तरीच! आमचा नातू बी म्हणतो दहाचं नसतंय!" आणि सगळी हसली. त्या दिवशी पोरीवर हसली होती तशीच, मनापासून. साहेब बुटांकडं बघत म्हणाले, "ठीक आहे गुरुजी, होतं असं." किती सहज म्हणाले! बावीस वर्षांत गुरुजींना कुणी एवढ्या सहज मोडीत काढलं नव्हतं. त्यांनी हार गळ्यातून काढला, पण ठेवायचा कुठं ते कळेना, म्हणून तो हातात धरूनच उभे राहिले.

चंद्रप्पा हसला नव्हता. गर्दी पांगल्यावर तो जवळ आला. "उदगीरला निरोप धाडतो," म्हणाला. "उद्या येईल पोरगी."

आणि आली की. केवळाबाईंनी त्या सकाळी गुरुजींना चहात साखर जास्त घातली. गुरुजीही जरा ताठ चालत शाळेत गेले. झालं गेलं, लाज गेली ती गेली, पण पोर तर वाचली, असं त्यांच्या मनात होतं. नव्या खोलीत नव्या चटया. रुद्राणी सगळ्यात मागं, भिंतीला टेकून बसली होती. कायम पुढं बसणारी पोर. गुरुजींनी तिला नावानं हाक मारली, फळ्यापाशी बोलावलं. वर्गासमोर सांगितलं, "आता आपण कुठलंबी वर्तुळ घ्यायचं. नऊचं, दहाचं, अकराचं, साडेतेराचं. सगळी असतात." मग त्यांनी फळ्यावर मोठं वर्तुळ काढलं, व्यासाचा आकडा मुद्दाम लिहिला नाही, आणि पट्टी तिच्या हातात दिली.

"तूच मोज, माय. तूच परीघ काढ."

रुद्राणीनं पट्टी लावली. व्यवस्थित मोजलं. आकडा मांडला, खडू उचलला, आणि तशीच थांबली. मग वळून गुरुजींच्या तोंडाकडं बघत तिनं हळूच विचारलं, "गुरुजी, किती यायला पाहिजे?"

गुरुजींना आधी कळलंच नाही. "म्हणजे?"

"तुमाला किती पाहिजे?"

तिच्या आवाजात टोमणा असता तर गुरुजींनी तो झेलला असता. टोमणा नव्हता. पोरगी खरंच विचारत होती. दहा असला तर काय म्हणून भर वर्गात उठणारी ती पोर, आता उत्तर फळ्यावर शोधायचं सोडून मास्तरच्या चेहऱ्यावर शोधत होती. गुरुजींनी आपले हात पाठीमागं घेतले.

"मला ठाव न्हाई, माय," ते म्हणाले. "खरंच ठाव न्हाई. तू काढ, आन् मला सांग."

रुद्राणी जरा घाबरली. तिनं एकदा वर्गाकडं बघितलं, एकदा दाराकडं, आणि मग गुरुजींची समजूत घालावी तशी म्हणाली, "असं कसं गुरुजी. तुमी सांगा की. तुमी सांगाल तेवढा लिहिते."